तेल, बटाटे आणि ग्लेंडा

आधीच सांगून टाकतो, मोटारीतलं मला कळतं! आमच्या मॉल्टन गावात शोरूममधून तयार गाडी आणणारे पैशाला पासरी आहेत. माझी किट कार आहे. म्हणजे खोक्यांतून सुटे भाग मागवले, जुन्या गाडीचं इंजिन मिळवलं आणि कित्येक हिवाळे गॅरेजात राबून ती स्वतःच्या हातांनी जोडली. बॉडी फायबरची. छप्पर नाही, पाऊस आला की भिजायचं, आणि यॉर्कशरमध्ये पाऊस येतोच. पण इंजिनातलं तेल किती तापलंय हे दाखवणारा वेगळा काटा आहे. आहे का कुणाच्या तयार गाडीला? नाही ना!

तोच काटा माझ्या मुळावर आला.

माझी बायको ग्लेंडा इतकी वर्षं त्या गॅरेजकडे काणाडोळा करत होती. एक दिवस चहा ओतता ओतता म्हणाली, "माल्कम, ईस्टरला या गाडीतून मला व्हिटबीला बहिणीकडे ने. वाटेत बंद न पडता पोचली, तर गाडी राहील. बंद पडली, तर विकायची आणि गॅरेजात माझी मातीची भांडी भाजायची भट्टी येईल." साखर किती घालू, असं विचारावं इतक्या मवाळपणे म्हणाली. आमच्या घरात मवाळ आवाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी छातीठोकपणे हो म्हटलं. सराव म्हणून तिला घेऊन एक चक्कर मारली, आणि बघतो तर काय, तेलाचा काटा चढत चढत लाल पट्ट्यात! तिला घरी सोडून एकटा निघालो, तर काटा शहाण्यासारखा जागेवर. दुसऱ्या दिवशी ती बसली, पुन्हा लाल. मी एकटा, पुन्हा ठीक.

आता हे तिला सांगणार कसं? 'तू बसलीस की तेल तापतं' असं बायकोला तोंडावर सांगणारा नवरा आमच्या परगण्यात अजून जन्मायचाय.

म्हणून मी क्लबात गेलो. आम्हा किट कारवाल्यांचा क्लब गुरुवारी पबमध्ये भरतो. जितकी माणसं, त्याहून एक मत जास्त. एकाने सांगितलं तेल बदल. बदललं. दुसऱ्याने सांगितलं, तेल गार करायला मोठा कूलर बसव. बसवला, तर मी एकटा असताना तेल तापेचना. तिसऱ्याने सांगितलं, मग कूलरवर पुठ्ठा बांध. म्हणजे आधी खर्च करून गार करायचं आणि मग पुठ्ठा लावून गरम! तेही केलं. ग्लेंडा बसली की काटा लाल तो लालच.

शेवटी क्लबचे सेक्रेटरी बर्नार्ड यांनी बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि निदान केलं, "वजन." बायकोचं वजन विचारायची सोय नव्हती. त्यावर तोडगाही त्यांनीच काढला. तेवढे बटाटे शेजारच्या सीटवर बसवायचे. तेवढे म्हणजे किती, यावर मात्र सगळा क्लब छताकडे बघू लागला. ग्लेंडाला सगळेच ओळखत होते. जो तो सभ्यपणे कमीच सांगू लागला.

मी बटाट्यांचं पोतं सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि भुरभुर होती म्हणून वर ग्लेंडाचा जुना रेनकोट घातला. गावभर हिंडलो. शेजारच्या मिसेस ऑर्मरॉडनी हात केला, मग माझ्या शेजारी बघून तो हळूच खाली घेतला. काटा तसूभर हलला नाही. म्हणजे दोष वजनाचा नव्हता. दोष ग्लेंडाचाच होता! विज्ञानापुढे इलाज नाही.

ईस्टर उजाडला. ग्लेंडा पायघोळ कोट घालून बसली आणि आम्ही माळरानावरच्या रस्त्याला लागलो. बोचरा वारा होता. माझे डोळे काट्यावर. चढ लागला आणि काटा लाल पट्ट्याच्याही पलीकडे गेला. पुढे गेलो तर इंजिन जळणार, बंद केलं तर गाडी विकली जाणार. एका बसथांब्यापाशी मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि ग्लेंडाला जरा उतरायची विनंती केली. ती उतरली आणि काटा झपकन खाली!

आता बोलणं भागच होतं. मीही उतरून तिच्यापाशी गेलो.

"ग्लेंडा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू बसलीस की तेल तापतं."

तिने कोट घट्ट ओढून घेतला.

"आणि बटाटे बसले की नाही तापत?"

मिसेस ऑर्मरॉडनी त्याच दिवशी तिला सगळं सांगितलं होतं. मला ओशाळं वाटू नये म्हणून ती इतके दिवस गप्प राहिली होती.

एवढ्यात तिच्या कोटातून काहीतरी रस्त्यावर पडलं. विजेवर तापणारी उशी होती, वायरसकट! दर वेळी ग्लेंडा ती डॅशबोर्डच्या सॉकेटला जोडून कोटाखाली लपवत होती; आत्ता उतरताना वायर सॉकेटमधून निघाली होती.

"एवढा राबून गाडी केलीस," ती म्हणाली, "त्यात कुडकुडायला होतं, हे तोंडावर कसं सांगणार?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढं तेल असं क्षणात गार होतं होय? फायबरच्या बॉडीतून वीज परत जात नाही, म्हणून डॅशबोर्डवरच्या सगळ्याला मिळून मी अर्थिंगची एकच बारीक वायर दिली होती. उशीने वीज ओढली की त्या वायरला भार झेपायचा नाही आणि काटा खोटं बोलायचा. तेल बिचारं मुळी तापलंच नव्हतं! मला इतका आनंद झाला, की त्या गार वाऱ्यात, उशीची वायर हातात धरून, मी तिला अर्थिंग हा विषय पहिल्यापासून समजावून सांगितला.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तेल तापलं नव्हतं?"

"अजिबात नाही."

"मग आता कोण तापलंय, ते दिसतंय का तुझ्या काट्यावर?"

मी खरोखरच वाकून काटा बघायला लागलो. तो अगदी जागेवर होता. ही आनंदाची बातमी द्यायला मान वर केली, तर ग्लेंडा पलीकडून येऊन स्टिअरिंगवर बसली होती. तिने मिरर नीट केला, मवाळ आवाजात "येते हं" म्हणाली आणि निघून गेली.

गाडी कुठेही बंद न पडता तिला घेऊन व्हिटबीला पोचली. अट शब्दशः पाळली गेली. ठरल्याप्रमाणे गाडी राहिली.

बसथांब्यावर, गार उशी मांडीवर घेऊन, मीही राहिलो.