वांग्याच्या भाजीतला आरएनए

आरएनए शिकवावा तर आम्हीच! चौसष्ट साली अख्ख्या अमरावतीत त्याचं नाव धड घेणारे तरी किती होते हो?

मी कॉलेजात जीवशास्त्राचा टेंपररी लेक्चरर. नागपूरहून डॉ. वामनराव माझं शिकवणं बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की मी परमनंट! मग फळ्यावर खडू कशाला झिजवायचा? साहेबांना घरी रोडगे-वांग्याच्या भाजीला बोलवायचं आणि स्वयंपाकातच पेशी दाखवायची!

"हे बघ," मी बायकोला समजावलं, "देवघर म्हणजे पेशीचं केंद्रक. तिथं बसलेली आई म्हणजे डीएनए. सगळी कृती तिच्यापाशी, पण ती जागची हलत नाही."

"हे तं मले लगन झाल्यापासून माईत हाय," इंदू म्हणाली.

"तिचा निरोप नेणारा आपला जानराव, तो आरएनए. त्या निरोपाबरहुकूम तुम्ही बायांनी भाजी करायची. पेशीत प्रथिनं अशीच बनतात!"

जानराव आमच्या कॉलेजचा शिपाई. नोटीस घेऊन वर्गावर्गात फिरण्यात त्याची हयात गेलेली.

साहेब येऊन ओसरीवर टेकले. आईनं देवघरातून फर्मावलं, "जानराव, भाजीत मूठभर मीठ टाका म्हना!"

जानराव सुटला! चुलीपाशी इंदूला सांगितलं. तिनं मीठ टाकलं आणि ती पाणी आणायला गेली. मग त्यानं अंगणात गवऱ्यांवर रोडगे भाजणाऱ्या, मदतीला आलेल्या मनकर्णाबाईंना सांगितलं. त्यांनी हात झटकले, आत जाऊन मूठभर टाकलं. मग पाट्यावर चटणी वाटणाऱ्या, त्यांच्यासोबतच आलेल्या दुर्गाबाईंना सांगितलं. त्यांनीही टाकलं! आईचा हुकूम, उलट विचारायची कोणाची छाती? मी मात्र ओसरीवर साहेबांपुढे अक्कल पाजळत बसलो होतो.

साहेबांनी पहिला घास घेतला. डोळे विस्फारले! तांब्या एका दमात रिकामा!

"जानराव! मिठाचं किती जणींना सांगितलंत?" मी ओरडलो.

"सगळ्याईले, सर! नोटीस काय एकाच वर्गात वाचतेत? आता शेजारी बी सांगाले जाऊन राहिलो!"

साहेबांनी ताट बाजूला सारलं. "एका निरोपावर अनेक कारागीर लागतात, हे बरोबर दाखवलंत. पण काम झालं की पेशी निरोप्याला मोडीत काढते. तुमचा अजून फिरतोच आहे! डीएनए कायमचा, निरोप्या घटकाभराचा, एवढंही तुम्हाला साधलं नाही? पुढल्या वर्षी बघू. तोवर टेंपररीच राहा."

मला रडूच यायचं बाकी होतं!

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिरलो, तर पोरं खिडक्यांतून माझ्याकडे बघून हसत होती. तिकडून जानराव वर्गावर्गात डोकावत येत होता.

"जानराव, माझी फजिती सगळ्यांना काहून सांगून राहिले? साहेब काय म्हणाले, ऐकलं ना? निरोप्या घटकाभराचा असतो!"

"पेशीत असन, सर," जानराव पुढच्या वर्गाकडे वळत म्हणाला. "इथं तं मी परमनंट हाव!"