बटणाचे टायर आणि धोंड्याचं जेवण

गाडीतलं आपल्याला सगळं कळतं! हे मी म्हणत नाही, नांदेडात विष्णुपुरीच्या आमच्या कॉलेजातलं अख्खं ऑफिस म्हणतं. आता ऑफिसात दिवसभर गाड्यांवर बोलणारा मी एकटाच आहे, ही गोष्ट वेगळी! तर माझ्या मोटारसायकलचे टायर गुळगुळीत झाले आणि मी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. सगळ्यांचं सांगणं एकच. टायर घ्यायचा तो आपल्या रायडिंग स्टाईलप्रमाणे!

"ओ, टायर धोंड्याचा महिना झाल्यावर घ्या," आमची मंडळी, म्हणजे पुनम, पोळी लाटता लाटता म्हणाली.

"टायरला कसला आलाय धोंड्याचा महिना? मी काय दुसरं लग्न करून राहिलो का?"

"ते करा वाटल्यास. पण टायर आत्ता घेऊ नका."

"कारण सांग!"

"कारण न्हाई. थांबा म्हणलं की थांबावं माणसानं."

अधिक महिन्यात नवी वस्तू घेऊ नये, असं बायका धरून बसतात. मी हसून सोडून दिलं. खरं म्हणजे मला टायर हवे होते ते तिच्यासाठीच! दर तीन वर्षांनी येणारा हा महिना. सासुरवाडीला जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. आणि आमचा सासुरवाडीला जायचा इतिहास लई वाईट. एकदा पंक्चर झालं तर मिरच्यांच्या टेम्पोत बसून गेलो. दारात उतरल्यावर सासूबाईंच्या पाया पडताना आम्ही दोघंही नुसते शिंकत होतो! पुनमची मोठी बहीण तनुजा आणि तिचे लातूरचे मिस्टर दयानंदराव, म्हणजे आमचे साडू, ते शिंकणं अजून करून दाखवतात. म्हणून पुनमनं या खेपेला मला बजावलं होतं.

"बाराच्या आत, आपल्याच गाडीवर, थेट दारात! आईला तसं सांगून टाकलंय मी. या खेपेला हसू झालं ना, तर तुमच्यासंगं माहेरी पाऊल टाकणार न्हाई. एकटी जाईन एसटीनं, जन्मभर!"

तिचे डोळे भरले होते. मला तर तिथंच रायडिंग स्टाईल चढली.

टायरच्या दुकानाचे मालक राजशेखर. शर्टावर टायरचं चित्र. त्यांनी विचारलं, "सर, रायडिंग स्टाईल काय तुमची?"

खरं सांगायचं तर घर, ऑफिस, भाजी मंडई. काटा चाळीसच्या वर गेला की मला घाम फुटतो. पण शेजारी एक बुलेटवाला काळा चष्मा लावून उभा होता ना!

"अ‍ॅग्रेसिव!" मी म्हणालो.

"रोड का ऑफरोड?"

"ऑफरोडच जास्त!" आमच्या गल्लीत नळासाठी रस्ता उकरून ठेवलाय, तो मी मनातल्या मनात धरला.

"जंपिंग करता?"

"कधीकधी!" न दिसलेला स्पीडब्रेकरही जंपच की हो!

बुलेटवाल्यानं चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. बस्स! मी छाती काढली आणि राजशेखरनी बटणाचे टायर काढले. एकेक बटण लाडवाएवढं! "सर, चिखल असो का दगड, गाडी थांबली तर मला विचारा!"

गाडी गल्लीत शिरली तशी टायरनी जी घरघर लावली, की शेजारच्या नागुबाई बाहेर आल्या. "काय वैजनाथ, गिरणी टाकली का? माझे गहू हायेत बघा दळायचे!"

पुनमनं टायर बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला. "घेतलेच का!" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मलमासाचा राग, दुसरं काय!

जायच्या आदल्या रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी सासरे शंकरप्पांचा फोन. "वैजनाथराव, फाट्यापासून आत लई चिखल हाय. दयानंदरावांसाठी बैलगाडी पाठवून राहिलो. तुम्ही बी फाट्यावर गाडी लावा अन् तिच्यातच या."

"मामा, कशाला! टायर बदललेत म्या!"

मामांचा आवाज एकदम खाली आला. "बदलले?"

"हाव! बटणाचे!"

"बरं," मामा म्हणाले, पण असं म्हणाले की जसं कुणाची म्हैस गेली. मला वाटलं, रेंज नसेल.

कंधारच्या पुढं फाट्यापर्यंत पोचलो. वाटेत पुनम फक्त एकदाच बोलली, "माझी दाढ हलून राहिली." फाट्यावर हॉटेलासमोर साडूंची कार उभी, आणि साडू बैलगाडीत रुमाल अंथरून बसलेले. शेजारी तनुजा.

"या वैजनाथराव, बसा! जागा हाय!"

"तुम्ही या सावकाश! आम्ही पुढं जाऊन चहा टाकायला सांगतो!" असं म्हणून मी गाडी चिखलात घातली.

काय सांगू! सुरुवातीला गाडी अशी गेली की मी गाणं म्हणायला लागलो. मग एकेका बटणाच्या फटीत काळी माती बसली. मातीला माती चिकटली. चाक फुगलं, फुगलं आणि मडगार्डात जाऊन गच्च बसलं. गाडी थांबली! पडली नाही, घसरली नाही, जागच्या जागी उभी राहिली. मी दोन्ही पाय वर घेतले तरी उभीच!

"पिळू नका!" पुनम ओरडली. तोवर मी अ‍ॅक्सिलेटर पिळला होता. मागच्या चाकानं जी काळी माती उडवली, ती पुनमच्या नव्या इरकलीवर भांगापासून काठापर्यंत!

मी खाली उतरून काडीनं माती उकरली, काडी मोडली. फणीनं उकरली, फणी मोडली. शेवटी लायसन काढलं. लायसनचा असा उपयोग उभ्या जन्मात पहिल्यांदा झाला! चाक मोकळं केलं की चार हात जायचं आणि पुन्हा गच्च. वैतागून मी राजशेखरना फोन लावला.

"गाडी थांबली! 'मला विचारा' म्हणाला होतात तुम्ही!"

"सर, तुम्ही अ‍ॅग्रेसिव हायेत ना? मग थांबायचंच न्हाई! स्पीड ठेवा!"

"अहो, मी कुठं थांबलो? गाडी थांबली!"

"मग सर, रायडिंग स्टाईल चुकून राहिली तुमची!" म्हणे! मी फोन चिखलात फेकणार होतो, पण त्याचे हप्ते चालू आहेत.

तेवढ्यात मागं घुंगरं वाजली. साडूंची बैलगाडी!

"वैजनाथराव, चहा टाकला का?" दयानंदरावांनी विचारलं. तनुजा पदरात तोंड घालून हसत होती.

"पुनम, चल बैलगाडीत," मी म्हणालो.

"न्हाई!" तिनं सीट घट्ट धरली. "आपल्याच गाडीवर येणार म्हणून आईला सांगितलंय. मी ह्याच्यावरूनच जाणार. कसं न्यायचं ते तुम्ही बघा!"

काय बघणार, कप्पाळ! गाडी हाकणाऱ्या व्यंकटनं कासरा काढला, आमची गाडी बैलगाडीला बांधली. पुढं बैल, मागं मी हँडल धरून, माझ्यामागं पुनम ताठ मान करून बसलेली. पुढचं चाक फिरतच नव्हतं, ते नुसतं ओढत चाललं. मागं बघितलं तर रस्त्यावर नांगरासारखं सरळ तास पडलेलं!

"दाजी, असंच धरा!" व्यंकट ओरडला. "आमचा तुकडा नांगरायचा राहिलाय, तिकडून नेऊ का?"

दयानंदराव मागं तोंड करून व्हिडिओ काढत होते. वेशीपासून दारापर्यंत गावातली सगळी माणसं दोन्ही बाजूंनी उभी. वरातीला नव्हती एवढी!

पण पोचलो. बाराच्या आत, आपल्याच गाडीवर, थेट दारात! सासूबाई पार्वतम्मा भाकरतुकडा ओवाळायला आल्या, आमच्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "जावईबापू, पुनम कुठाय?"

"आई, मीच हाय," माझ्यामागून मातीचा पुतळा म्हणाला.

अंघोळी झाल्या, जेवणं झाली. धोंड्यावर तुपाची धार होती, पण माझं लक्ष साडूंच्या मोबाईलवर. मग वाण. दयानंदरावांना घड्याळ. मला द्यायची वेळ आली तसे मामा आत गेले ते येईनातच. शेवटी आले, नव्या टॉवेलात गुंडाळलेलं गोल काहीतरी ढकलत. एक नाही, दोन!

टॉवेल काढला. टायर! साधे, बारीक नक्षीचे, वर हळदकुंकू लावलेले.

मी पुनमकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

"पोरगीच म्हणली," मामा ओशाळून बोलले. "अंगठी नको, ह्यांचे टायर गुळगुळीत झाल्यात. अन् सांगू नका, म्हणली, लई खूश होतील. दुकानदार म्हणला, जावई गाडी चालवतात कशी? तिनं सांगितलं तसं म्या सांगितलं."

"काय सांगितलं?"

"सावकाश. खड्डा दिसला की दोन्ही पाय खाली सोडून. अन् मागं बायको बसली असली तर अजून सावकाश."

दयानंदरावसुद्धा हसले नाहीत. मला लई वाईट वाटलं हो! आठवडाभर व्हिडिओ बघून जे मला कळलं नाही, ते मागच्या सीटवर बसून हिला कधीचं ठाऊक होतं.

नांदेडला आल्यावर ते टायर बसवायला मी राजशेखरच्याच दुकानात गेलो. पुनम स्वतःहून सोबत आली. बुलेटवाला त्या दिवशीही नेमका तिथंच! राजशेखरनी साधे टायर बघून तोंड वाकडं केलं.

"हे कशाला सर? रायडिंग स्टाईल काय तुमची?"

मी छाती बिती काही काढली नाही. गुमान पुनमच्या मागं सरलो.

"ह्यांना विचारा," म्हणालो.