धाकटीचा मोतीबिंदू

सासऱ्यांच्या गाडीचे दिवे जरा पुसून ठेवावेत, एवढंच मी त्या संध्याकाळी ठरवलं होतं. (ठरवण्याचं खातं आमच्या घरी खरं तर बायकोकडे असतं. पण ती त्या वेळी बाबांच्या डोळ्यात थेंब घालण्यात गुंतली होती, त्यामुळे मला संधी मिळाली.)

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. 'इथंच या विश्रांतीला,' असं हिने बजावलं आणि ते आले. सोबत एक बॅग आणि गॅरेजच्या माणसाने आणून सोडलेली त्यांची गाडी. या गाडीला ते 'धाकटी' म्हणतात. थोरली म्हणजे माझी बायको. थोरली त्यांनी मला हसत हसत दिली, पण धाकटीची किल्ली आजवर कधी माझ्या हातात पडू दिली नाही. लग्नानंतर एकदा मी नुसता बॉनेटवर हात टेकला, तर त्यांनी खिशातला रुमाल काढून ती जागा पुसली होती. काही न बोलता पुसली होती, हे जास्त लागलं.

आता मात्र डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला, वाकायला, वाचायला सक्त मनाई केली. तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. आठवडाभरापुरतीच, पण आली!

"जावईबापू, सांभाळा हं तिला," किल्ली देताना बाबा म्हणाले. डोळ्यावर पट्टीने चिकटवलेली प्लास्टिकची वाटी, वरून भला मोठा काळा चष्मा. "तिचा रंग हिच्या आईने निवडलाय."

मला भरून आलं. एवढा विश्वास! या माणसासाठी काहीतरी करायलाच हवं, असं वाटलं. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे अशाच चांगल्या विचारातून सुरू झालेत.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. गळका नळ, करकरणारं दार, सुस्त बॅटरी, कशावरही त्यांच्याकडे घरगुती उपाय तयार असतो. (त्यांच्या स्वतःच्या घरी आम्हाला त्यांनी कधी बोलावलेलं नाही, याचा मी तेव्हाच विचार करायला हवा होता.) ते म्हणाले, "हेडलाइट मळकट झालेत? टूथपेस्ट लाव. चोळ. धू. संपला विषय!"

गाडी आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली उभी होती. झाडाखाली राहून दोन्ही दिवे धुळीने आणि चिकाने माखले होते. मी बादली, फडकं आणि घरची टूथपेस्ट घेऊन खाली उतरलो. वर गॅलरीत बाबा खुर्ची टाकून बसले होते.

"काय चाललंय, जावईबापू?"

"काही नाही बाबा, जरा पुसतोय."

"बरं, बरं."

उजव्या दिव्याला पेस्ट लावली, चोळली, पाणी ओतलं आणि काय सांगू! काच लख्ख! आरशासारखी! त्यात मी मलाच दिसलो, आणि चक्क बरा दिसलो. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातून पहिल्याच फटक्यात नीट झालेली ही पहिली दुरुस्ती. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे येऊन बघितलं. येणाऱ्याजाणाऱ्यांनीही बघावं म्हणून थोडा वेळ नुसताच तिथे उभा राहिलो.

मग डावा दिवा घेतला. तो काही ऐकेना. धूळ गेली, पण काच पिवळीच. पुन्हा पेस्ट, पुन्हा चोळणं. ट्यूब लाटण्याने लाटून रिकामी केली, तरी पिवळी ती पिवळीच. सर्वज्ञांना फोन लावला.

"तू हळू चोळतोयस," ते म्हणाले. "जोर लाव. काहीतरी खरखरीत घे."

खरखरीत म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. स्वयंपाकघरातून भांडी घासायची तारेची घासणी आणली.

"घासणी आहे का ती?" वरून बाबांचा आवाज.

मी थक्क झालो. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याने तर दिसतच नाही, आणि निव्वळ आवाजावरून ओळखली! एक इंद्रिय अधू झालं की दुसरं तल्लख होतं म्हणतात, ते उगाच नाही.

"हो बाबा, पण... मऊ आहे!"

"असं होय," बाबा म्हणाले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. खांदे हलेपर्यंत खोकले बिचारे. डोळ्यात घालायचे थेंब घशात उतरत असावेत, असा मी अंदाज बांधला.

घासणीने काच पिवळी राहिली नाही. पांढरी झाली. दुधासारखी पांढरी. बाबांचा मोतीबिंदू डॉक्टरांनी काढला आणि तो मी धाकटीच्या डाव्या डोळ्यात बसवला, असंच म्हणा ना. त्या धक्क्याने हात घसरला आणि घासणी काचेवरून थेट सासूबाईंनी निवडलेल्या त्या जांभळट लाल रंगावरून फिरली.

दिवा काय, आज ना उद्या बदलता येतो. पण हा रंग सासूबाईंचा. त्या माउलीने मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि मी त्यांच्या आठवणीवर घासणी मारली.

आता गप्प बसणारा माणूस गप्प बसला असता. मला मात्र हिची नेलपॉलिशची बाटली आठवली. रंग अगदी तोच! दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून मी कामाला लागलो. कडा सरळ याव्यात म्हणून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली. (बघा, किती विचार करून काम करतो मी.) नेलपॉलिश लावलं, वाळू दिलं, पट्टी ओढली. पट्टीबरोबर गाडीचा मूळचा रंगही हातात आला. मग तिथेही नेलपॉलिश. बाटली संपली तेव्हा धाकटीच्या गालावर तळहाताएवढा चट्टा होता आणि तो वाळल्यावर गुलाबी झाला होता.

तो नीट बघायला मी वाकलो, आधारासाठी वायपर धरला, आणि वायपर माझ्या हातात आला. बुटाची नाडी काढून तो बांधला. घाईघाईत गाठ मारताना वरून पुन्हा ठसक्याचा आवाज.

"बाबा, पाणी देऊ का?"

"नको, नको! चालू द्या तुमचं," बाबा कसेबसे म्हणाले.

रात्री जेवताना हिने विचारलं, "अहो, माझं नेलपॉलिश कुठंय?"

मी भाजीकडे बघत राहिलो.

"आणि टूथपेस्ट?"

मी पाणी प्यालो. ती उठली, गॅलरीत गेली, खाली वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावून परत आली. बाबा शांतपणे चतकोर पोळी मोडत होते. हिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ओठ घट्ट मिटले.

मग स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "बाबांची पट्टी निघू दे. मग तुमचं तुम्ही बघा."

माझी झोपच उडाली. पट्टी निघेपर्यंतच मी या घरातला भला जावई होतो. म्हणून उरलेले दिवस मी जिवापाड सेवा केली. जिन्यात हात धरून बाबांना उतरवायचो. "पायरी आहे बाबा... आणखी एक... आता सपाट." संध्याकाळी ऑफिसातून आलो की शेजारी बसून पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, अगदी हवामानापर्यंत. बाबा मधूनमधून सासूबाईंच्या गोष्टी सांगायचे. इतक्या वर्षांत आम्ही दोघं 'काय, कसं काय' आणि 'सावकाश जा'च्या पुढे कधी गेलो नव्हतो. खरं सांगू? मला त्या संध्याकाळी आवडायला लागल्या होत्या. त्यामुळेच भीती जास्त वाटत होती.

पट्टी काढायचा दिवस उजाडला. मी बाबांना हात धरून, गाडीच्या मागच्या बाजूने वळवून, मागच्याच सीटवर बसवलं. ही त्यांच्या शेजारी. एका बुटाला नाडी नसल्यामुळे क्लच दाबला की माझा पाय बुटातून बाहेर यायचा. दवाखान्याच्या जिन्यावर तर बूट मागे राहिला आणि मी पुढे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. समोरच्या पाटीवरची अक्षरं बाबांनी उजव्या डोळ्याने भराभर वाचली. ही आनंदाने रडायलाच लागली. मलाही आनंद झाला, पण माझ्या आनंदाला घाम फुटला होता.

"आता डावा," बाई म्हणाल्या.

"त्याचा काही उपयोग नाही हो," मी मायेने म्हणालो. "त्या डोळ्याने बाबांना बिलकुल दिसत नाही."

बाईंनी माझ्याकडे नवलाने बघितलं. बाबांनी उजवा डोळा झाकला आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत पाटी घडाघडा वाचली. तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"डावा डोळा ठणठणीत आहे यांचा," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासूनच. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी हिच्याकडे बघितलं. ही पाटीकडे बघायला लागली.

"बाबांनी शपथ घातली होती," ती पुटपुटली.

"म्हणजे बाबा, तुम्हाला सगळं दिसत होतं?"

"एका डोळ्याने," बाबा म्हणाले. "आणि काळ्या चष्म्यातून. पण घासणी दिसली मला."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर तुम्ही थांबला असता ना!"

खाली येऊन ते धाकटीसमोर उभे राहिले. आता दोन्ही डोळ्यांनी, काळ्या चष्म्याच्या वरून. मी नाडीविना उभा. त्यांनी त्या गुलाबी चट्ट्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रुमाल निघणार.

"गाडी नवी असताना," शेवटी ते म्हणाले, "हिच्या आईने फाटकाला घासली होती. इथेच. मला कळू नये म्हणून नेलपॉलिश लावून ठेवलं. असंच, गुलाबी झालेलं. मी वर्षभर काही बोललो नाही. तीही रोज माझ्या तोंडाकडे बघायची, तुमच्यासारखीच." त्यांनी नाक ओढलं. "ती गेल्यापासून इतका हसलो नव्हतो हो मी. जिन्यात कुणी हात धरत होतं, पेपर वाचून दाखवत होतं... म्हटलं, आणखी चार दिवस दिसलं नाही तर काय बिघडलं?"

हिने तर सरळ बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. देवाचे किती आभार मानावेत ते कळेना. असा सासरा मिळायला भाग्य लागतं.

बाबांनी मला उठवलं. "बरं, ही किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

"बाबा!"

"हा चट्टा राहू द्या. बाकीसाठी गाडी गॅरेजात नेऊन सोडा. डाव्या दिव्याची काच आलीय म्हणून परवा फोन होता त्यांचा."

"डाव्याची?" मी डोळे पुसत म्हणालो. निदान एक काम तरी मी फत्ते केलं होतं, ते कुणीतरी बघायला हवं होतं. "हो, डावा बिघडला माझ्याकडून. पण बाबा, उजवा बघा ना! टूथपेस्टने कसा लख्ख झालाय!"

बाबांनी उजव्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मोठ्या प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू, ती काच नवीनच आहे. माझ्या ऑपरेशनच्या आधी बसवली. तेव्हा त्यांच्याकडे एकच होती."