अश्विन उठला की

सटाण्यातल्या कांद्याच्या शेडमध्ये सकाळचे ऊन घाईने येत नाही. आधी ते पत्र्याच्या भोकांतून बारीक उतरते, मग हवेत उडणाऱ्या पापुद्र्यांवर रेंगाळते, एकेक पापुद्रा तांबूस उजळवते आणि शेवटी पोत्यांवर दमल्यासारखे टेकते. अश्विन त्याकडे बराच वेळ पाहत राहिला. पाहण्यासारखे दुसरे काही होते, ते म्हणजे त्याने बसवलेले कांदे निवडण्याचे यंत्र. आणि त्याचा पडदा पुन्हा काळा झाला होता.

नाशिकहून निघताना तो ऑफिसात म्हणाला होता, "किरकोळ काम आहे, जेवायला परत येतो." त्या बोलण्याला आता आठवडा होत आला होता.

यंत्राच्या पोटात अनेक प्रोसेसरांचा संगणक होता. त्याचे कर्नल, म्हणजे सगळा कारभार सांभाळणारा गाभा, मधूनच कोसळे आणि कांदे पट्ट्यावर जागच्या जागी थांबत. अश्विन लॅपटॉपची केबल जोडून नोंदी पाहत बसला, की यंत्र देवघरातल्या समईसारखे शांत चाले. केबल गुंडाळून तो बसस्टँडवर पोचला, की फोन वाजे.

त्याने आधी व्होल्टेजला दोष दिला, स्टॅबिलायझर आला. मग उष्णतेला, कूलर आला. कूलरने पापुद्रे उडवून कॅमेऱ्यांवर चिकटवले आणि यंत्राने सगळा माल सडका ठरवला. मग अर्थिंगसाठी खड्डा खणला; त्यात टेम्पोचे चाक गेले.

"ड्रायव्हर पाहिलास का?" ऑफिसातून निकिताने फोनवर विचारले. ती कॅमेरे आणि संगणक यांना जोडणाऱ्या प्रोग्रामबद्दल बोलत होती.

"ड्रायव्हरचा कोड मी लिहिलाय."

"म्हणूनच विचारतेय."

"धूळ फार आहे इथे," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

यंत्राचे मालक चिमाजीशेठ समोर येऊन उभे राहिले. "साहेब, तुम्ही बठनात का चालस, उठनात का मरस. काय भानगड शे?"

"योगायोग असेल, शेठ."

"मंग बठी ऱ्हा. आज लिलावना आधी माल निवडाना नही, तं मशीन टेम्पोमा टाकी देसू."

कंपनीने विकलेले हे पहिलेच यंत्र होते. अश्विन बसला. शेठच्या पत्नी विमलाबाईंनी त्याच्याखाली गोधडी घातली. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही भावना त्याला नवी होती. थकव्यातही ती त्याला सुखावून गेली.

दुपारी विमलाबाईंनी बळेच जेवायला ओढून नेले आणि त्या गडबडीत लॅपटॉप केबलसकट यंत्रापाशीच राहिला. भाकरी मोडताना शेडमधली घरघर ऐकू येत होती. यंत्र चालले होते.

"देखा, तुम्ही नहीत तरी चाली राह्यनं!" शेठ खूश झाले.

अश्विनला यंत्रापाशी राहिलेली केबल आठवली. केबलवरून नोंदी पाठवताना एक प्रोसेसर दर वेळी किंचित रखडत होता. तेवढ्यानेच दुसऱ्याशी होणारी त्याची टक्कर चुकत होती. यंत्राला अश्विनची गरज नव्हती. त्याला फक्त थोडा उशीर हवा होता.

"लिलाव होईपर्यंत केबलला हात लावू नका," तो म्हणाला.

माल वेळेवर निवडून झाला. पोती लिलावाला गेली, शेड रिकामी झाली आणि आठवडाभर टाळलेली फाइल त्याने उघडली. दोन प्रोसेसर एकाच वेळी एकाच जागी लिहू शकत होते. एकाचे होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारे लॉक तिथे लावलेलेच नव्हते. चूक त्याच्या ड्रायव्हरमध्ये होती.