सोपानरावांची पोच

लग्नाची पत्रिका हातात आली की माणूस आधी नवरा-नवरीची नावं बघतो. सोपानराव वाघमारे पिनकोड बघायचे. तो नसला तर पत्रिका देणाऱ्याला उभ्या उभ्या सांगायचे, "पत्रिका झकास हाय, पण पिन न्हाई. पाव्हणे चुकले तर मला बोल लावू नका." एक वधूपिता इतका घाबरला, की उरलेल्या सगळ्या पत्रिका त्यानं आमच्याच टेबलावर मांडल्या आणि आकडे घालूनच उठला.

लातुरातल्या एका पोस्टात आम्ही दोघं समोरासमोर बसून पत्रं निवडायचो. खरं सांगतो, मला त्यांचा शीण यायचा. वर पंखा नुसता कुरकुरायचा, खाली पत्रांचा ढीग, आणि समोर हे. लातूरचा पिन चार-एक-तीननं सुरू होतो आणि नांदेडचा चार-तीन-एकनं. लिहिणाऱ्याच्या हातून एक आणि तीन इकडचे तिकडे झाले की आमचं पत्र नांदेड बघून यायचं. ह्याचं सोपानरावांना घरच्यासारखं दुःख होतं. चहावाल्यालासुद्धा ते सहाही आकड्यांचा अर्थ समजावून सांगत. पहिले तीन कुठल्या भागाचे, शेवटचे तीन कुठल्या पोस्टाचे. चहावाला हाव हाव म्हणत कप उचलून निघून जायचा.

त्यात लातूर नवा जिल्हा झाला. गाव खूश होतं. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, आता पिनही नवा मिळणार का? पिन तोच राहणार, हे सोपानराव दिवसातून वीसदा सांगत. येणाऱ्या पत्रांवर जुन्या जिल्ह्याचं नाव असलं की ते लाल शाईनं खोडून वर 'लातूर' लिहीत. पत्र तर पोचलंच आहे, मग कशाला, असं मी एकदा विचारलं. "पोचलंय," ते म्हणाले, "पण दुसऱ्याच्या नावानं पोचलंय." त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. खेड्यांतली माणसं कामासाठी लातुरात यायला लागली. एका डाळमिलच्या मागच्या पडीक जागेवर बघता बघता पन्नास-साठ झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांची पत्रं आमच्याकडे यायची. पत्ता काय, तर 'सखूबाई, डाळमिलच्या मागे, लातूर.' तिथं सखूबाया सहा होत्या. आमचे पोस्टमन शेखभाई ऊन खाऊन परत यायचे आणि पत्रावर 'पत्ता अपुरा' असा शेरा मारायचे. त्यांचाही दोष नव्हता.

सोपानरावांना ते बघवेना. एका रविवारी गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. नाही म्हणायचंही मला त्राण नव्हतं. दिवसभर ते झोपड्यांच्या पत्र्यांवर, फळकुटांवर आकडे काढत गेले आणि वहीत नाव, मूळ गाव, तालुका लिहीत गेले. डबा मी धरला.

एका झोपडीपाशी केराबाई नावाच्या बाईनं आम्हाला अडवलं. ती कंधार तालुक्यातली. "आज नंबर घालून राहिले, उद्या पाडायला येताल," म्हणाली. आम्ही पोस्टातले आहोत हे तिला पटेना. शेवटी तिची मुलगी सुमन पुढं आली. दहावी झालेली, दिवसभर डाळ पाखडून केस पिवळे पडलेले. तिनं आईला बाजूला घेतलं. मग सोपानरावांना हळूच विचारलं, की नांदेडला नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा आहे, त्यावर हा पत्ता चालेल का?

"चालंल की," सोपानराव म्हणाले. "एकेचाळीस नंबर. मागं मी हाय."

तो अर्ज गेला. नंतर शेखभाईंना विनवून सोपानरावांनी ते आकडे त्यांच्याकडून पाठ करून घेतले. माणसांनी गावाकडं आपापले नंबर कळवले, आणि पत्रं पोचायला लागली.

पुढच्या मृगाला पाऊस झाला आणि आठ दिवसांत जागा रिकामी झाली. माणसं आपापल्या गावी पेरणीला गेली. नेमकं तेव्हाच सुमनच्या नावाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीला चार दिवस होते. शेखभाई पत्र घेऊन परत आले. एकेचाळीस नंबरच्या जागी नुसती चूल उरली होती, म्हणाले. गावचा पत्ता घालून पत्र पुढं पाठवता आलं असतं, पण त्या पावसात ते वेळेत पोचलं नसतं. सोपानराव पोस्टमास्तरसाहेबांपुढं जाऊन उभे राहिले. साहेबांनी पत्राकडं बघितलं, वहीतल्या नोंदीकडं बघितलं आणि त्यांच्या रजेवर सही केली.

ते तिसऱ्या दिवशी परत आले. कंधारच्या पुढं एसटी जात नव्हती, ओढा भरला होता, म्हणून उरलेली वाट चिखलातून चालले होते. पाय सुजून वहाणेत मावत नव्हते. मी विचारलं, काय झालं? "पोच झाली," एवढंच म्हणाले आणि ढीग पुढं ओढून कामाला लागले.

सुमनची निवड झाली हे आम्हाला कळलं ते दिवाळीनंतर. सकाळी पत्रं निवडताना एक निळं आंतर्देशीय माझ्या हातात आलं. पाठवणारी सुमन, नांदेड. पत्र सोपानरावांच्या नावाचं, त्यांच्या खोलीच्या पत्त्यावर. तो पत्ता मी पहिल्यांदाच वाचत होतो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, एवढंच ठाऊक होतं. त्यांच्या नावाचं पत्रही मी कधी निवडलं नव्हतं.

मी ते टेबलावरून पुढं केलं. त्यांनी नाव वाचलं आणि हात मागं घेतला.

"हितं नको. शेखभाईच्या पिशवीत जाऊ द्या."

मी म्हटलं, अहो, समोरच बसलाय तुम्ही.

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग खालच्या आवाजात बोलले. "ल्हानपणी आमची वस्ती गावकुसाबाहेर. पोस्टमन वस्तीत कवाच आला न्हाई. वेशीतनं हाक मारायचा, पत्र भुईवर टाकायचा. आम्ही पळत जाऊन उचलायचो. माझ्या दारात कुणी पत्र घिऊन आलेलं मी अजून बघितलं न्हाई, जाधव."

मी पत्र शेखभाईंच्या गठ्ठ्यात ठेवलं. सोपानरावांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि ते घरी गेले.

पुढचं मला शेखभाईंनी सांगितलं. सोपानराव धुतलेला सदरा घालून उंबऱ्यात उभे होते. शेखभाईंनी पत्र पुढं केलं तर घेईनात. नाव वाचा म्हणाले. शेखभाईंनी चष्मा लावला आणि गल्लीत ऐकू जाईल असं वाचलं, "श्रीयुत सोपान किसन वाघमारे."

"हाव," ते म्हणाले, "मीच."