साहेबांचं शेवटचं गिऱ्हाईक

हॉलमधला फोन कित्येक दिवस मुका होता आणि साहेब त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसून होते.

"अहो, काढून टाकू या की तो आता," वहिनी म्हणाल्या.

"आणि गिऱ्हाइकानं तक्रार कुठे करायची?"

गिऱ्हाईक कुठलं आलंय! कॉम्प्युटर खातात की पितात हे लोकांना ठाऊक नव्हतं, तेव्हा साहेबांनी याच हॉलमध्ये पहिला कॉम्प्युटर जुळवला होता. जेवणाच्या टेबलावर बसून तारांना डाख दिले ते वहिनींनी. पुढे कारखाना झाला, गावभर पाट्या झळकल्या, साहेबांच्या बायकोला सगळे कामगार वहिनी म्हणू लागले. तरी प्रत्येक मशीनच्या पाठीवर तक्रारीसाठी नंबर घरचाच. मग बाहेरून हलकी, स्वस्त मशिनं आली. "आपला पत्रा बघा, पिढ्या टिकेल!" असं साहेब सांगत राहिले. पत्रा टिकला, कंपनी बुडाली. कारखान्यात आता व्यायामशाळा आहे आणि साहेब त्या रस्त्यानं जात नाहीत. हा माणूस हसायचा कसा, हे वहिनी विसरत चालल्या होत्या, आणि त्यांना तो हसरा माणूस परत हवा होता.

शेवटी त्यांनी आपल्या शिंप्याला गळ घातली. "एक फोन करा हो. मशीन बिघडलंय म्हणा. तेवढंच त्यांना बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. साहेब ताडकन उठले.

"बोला! काय होतंय मशीनला?"

शिंप्याला जन्मात एकच मशीन ठाऊक. "चालता चालता अडकतंय साहेब. तेल घालू का?"

"तेल? खबरदार! हात लावू नका. पत्ता सांगा, मी आलोच!"

घाबरून शिंप्यानं दुकानाचा खराखुरा पत्ता दिला. साहेब हत्यारांची पिशवी शोधायला लागले आणि वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. दुकानात शिलाईच्या मशिनांखेरीज होतं काय?

"गिऱ्हाइकाकडे असे जाणार? आधी दाढी करा," त्या म्हणाल्या. "आणि कंपनीचा निळा कोट घाला."

साहेब न्हाणीघरात शिरताच त्यांनी शिंप्याला बोलावून घेतलं. माळ्यावरचा तो पहिलावहिला कॉम्प्युटर दोघांनी मागच्या जिन्यानं उतरवला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि ढकलत ढकलत दुकानात नेला. पत्रा पिढ्या टिकणारा होता, त्यामुळे दोघांच्याही कमरा कामातून गेल्या. कापडाच्या ताग्यांमध्ये तो टेकवतात न टेकवतात, तोच दाराशी निळा कोट दिसला. वहिनी कपडे घालून बघायच्या आडोशात शिरल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

"कीबोर्ड कुठाय?" साहेबांनी विचारलं.

कीबोर्ड माळ्यावरच राहिला होता. "तो... धुवायला दिलाय," शिंपी म्हणाला.

साहेबांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि झाकण उघडलं. आत तारांची जुडी लाल रिबिनीनं बांधलेली होती. त्या वेळी बांधायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून वहिनींनी वेणीतली रिबीन काढून दिली होती. रंग विटला होता, गाठ तीच होती. साहेबांचं बोट तिच्यावर कितीतरी वेळ फिरत राहिलं.

पडद्याच्या फटीतून वहिनी बघत होत्या. त्यांना गलबलून आलं. वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं, मला कारखाना नको, पाट्या नकोत, ते जेवणाचं टेबल तेवढं पुन्हा मांडू या.

साहेबांनी हळूच झाकण लावलं. वळताना त्यांची नजर पडद्याखाली गेली. तिथे ओळखीच्या चपला होत्या.

"बिघाड मोठा नाही," ते शिंप्याला म्हणाले. "पण जुनं मशीन आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बिघडेल का हो?"

शिंप्यानं गोंधळून पडद्याकडे पाहिलं.

"बिघडेल," पडद्याआडून आवाज आला.

साहेब हसले आणि तक्रार नोंदवून घ्यायला त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं.