वाढप्याचं ताट

"वाढ रं माझ्या राजा, सढळ हातानं..."

हा आवाज गिरीशच्या आत्याचा. गावच्या उत्सवात देवळापुढं पंगत बसायची आणि लहानगा गिरीश आमटीची बादली घेऊन पानांमधून पळत सुटायचा. आत्या चुलाणापाशी बसून ओवी म्हणायची. ओवीला दुसरी ओळ होती, पण ती ऐकायला तो कधी थांबलाच नाही. कुणाच्या तरी भाताचं आळं कोरडं दिसायचं आणि बादली पुढं निघायची. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं एवढं तो शिकला आणि पुढंपुढं तर शेवटीही जेवायचं विसरू लागला.

नोकरीनं त्याला आधी हॉलंडला नेलं. ग्रोनिंगनच्या एका भिजक्या रविवारी, दुसरं काही सुचेना म्हणून तो बास्केटबॉलच्या मॅचला जाऊन बसला. मैदानावर सगळे दीपमाळेसारखे उंच, आणि त्यांच्यात एकच बुटका. बॉल हाती आला की तो बास्केटकडे बघायचासुद्धा नाही. बघायचा डावीकडे आणि बॉल उजवीकडच्याच्या हातात अलगद ठेवायचा, जशी पानात पुरणपोळी. टाळ्या मात्र बास्केट करणाऱ्याला. शेजारच्या आजीबाईंनी गिरीशला छापील तक्ता दाखवला. असल्या पासला असिस्ट म्हणतात आणि असिस्टमध्ये हा बुटका अख्ख्या डच लीगमध्ये पहिला. गिरीशच्या अंगावर शहारा आला. 'अरे, हा तर वाढपी!'

तेव्हापासून त्याला एकच स्वप्न पडायचं. चांदण्यात लांबच लांब पंगत बसलीये, पानांवर बास्केटबॉल वाढलेत आणि तो बुटका कमरेला पंचा बांधून 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरतोय.

दोन हजार चार साली गिरीश अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलला आला, तरी सोमवारी सकाळी कंप्युटर उघडला की आधी डच लीगचा असिस्टचा तक्ता. त्याचा रूममेट राजेश, नागपूरचा, कपाळावर हात मारायचा.

"अबे, इथं सिएटलमध्ये एनबीए आहे, अन् तू हॉलंडचे आकडे पाहून राहिला! तेही बास्केट करणाऱ्यांचे नाही, देणाऱ्यांचे!"

"देणारा नसेल तर करणारा काय करेल?"

"करणारा करतेच बे काहीतरी!"

राजेशचं हे खरंच होतं. मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात नीलांबरी पहिल्यांदा दिसली, ती गिरीशला. ती बायोटेक कंपनीत काम करायची, मूळची सांगलीची. आरती संपल्यावरही ती डोळे मिटून हळूच टाळ्या वाजवत राहिली होती. गिरीशच्या आत कुठंतरी समई लागली. तो काही बोलणार, एवढ्यात राजेश कानाशी म्हणाला, "यार, मला ही आवडली." आणि गिरीशच्या हातात आपोआप बादली आली.

राजेशचे ईमेल गिरीश लिहू लागला. कारपूलमध्ये तिच्या शेजारची सीट राजेशला, स्वतः मागं, छत्र्यांसोबत. तिला कैरीचं लोणचं आवडतं हे त्यानंच शोधलं, बरणी मात्र राजेशनं नेऊन दिली. असं वर्ष गेलं. मग बातमी आली की नीलांबरीला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला, नवी नोकरी लागली आणि ती पुढच्या शुक्रवारी निघणार.

"रविवारची पिकनिक म्हणजे लास्ट चान्स," राजेश म्हणाला. "मंडळाची बास्केटबॉल मॅच आहे. तू पास दे, मी ती पाहत असताना बास्केट करतो, अन् मग विचारतो. फिक्स?"

"फिक्स," गिरीश म्हणाला. त्यानं राजेशच्या कपात आधी चहा ओतला.

रविवारी पार्कमध्ये ऊन दुधासारखं पसरलं होतं. गिरीशला बॉल मिळाला. त्यानं ग्रोनिंगनच्या बुटक्याचं स्मरण केलं, डावीकडे पाहिलं आणि बॉल उजवीकडे सोडला. पास इतका सुंदर होता की डच लीगनं ओवाळला असता. फक्त राजेश त्या क्षणी बॉलकडे बघत नव्हता. तो नीलांबरी बघतेय का, हे बघत होता.

बॉल सरळ नाकावर बसला.

"बर्फ आणा!" मंडळाच्या लताकाकू ओरडल्या. कूलरमधला बर्फ मुलांनी एकमेकांच्या शर्टात घालून संपवला होता. गार असं उरलं होतं फक्त श्रीखंड. गिरीशनं अख्खा डबा उचलून राजेशच्या नाकावर दाबला. झाकण निघालं. राजेशचा चेहरा केशरी-पांढरा झाला आणि त्यात रक्ताचा ओघळ उतरला.

"याला डॉक्टरकडे न्यायला हवं," नीलांबरी किल्ली काढत म्हणाली.

एवढ्या गोंधळातही गिरीशला मोकळी जागा दिसली. "हो हो, तू ने. तुम्ही दोघंच जा!"

"आणि नाक कोण धरणार? मी स्टिअरिंग धरू की नाक? बस गाडीत."

क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट राजेशला बघून उभीच राहिली. "ओ माय गॉड! व्हॉट इज दॅट?"

"डिझर्ट," नीलांबरी शांतपणे म्हणाली.

नर्स आत न्यायला आली तसा राजेशनं गिरीशचा दंड धरला. नाकात बोळे असल्यानं आवाज पिपाणीसारखा निघत होता. "गिऱ्या, या आवाजात प्रपोज कसं करू बे? तूच सांग तिला. शेवटचा पास समज."

तो आत गेला. बाहेर एका काचेच्या टाकीत मासे तरंगत होते, जणू त्यांनाही कुणी हळूच इकडून तिकडे पास करत होतं. गिरीश नीलांबरीशेजारी बसला.

"नीलांबरी, ते राजेशला..."

"राजेशला काय हवंय ते मला माहितीये. ईमेलमध्ये चांदणं असतं आणि फोनवर 'व्हॉट्सप यार'. मी काय इतकी भोळी आहे?" ती माशांकडे बघत होती. "तुझा तो ग्रोनिंगनवाला, कारपूलमध्ये सांगायचास तो. त्यानं स्वतः कधी बास्केट केली की नाही?"

"एकदा. माझ्यासमोर." गिरीशचा आवाज स्वप्नातून यावा तसा आला. "मॅच संपत आली होती. सगळ्यांसमोर कुणी ना कुणी आडवं उभं. पास द्यायला एकही माणूस मोकळा नव्हता. तो बिचारा इकडं बघतोय, तिकडं बघतोय..."

"मग?"

"मग टाकला. स्वतःच. गेला आत."

"हं," नीलांबरी म्हणाली आणि पुन्हा माशांकडे बघू लागली.

तेव्हा आत्या कितीतरी वर्षांनी परत बोलली. गिरीशच्या हातात या वेळी बादली नव्हती आणि पळायला कोरडं पान नव्हतं, म्हणून दुसरी ओळ त्याला अखेर ऐकू आली.

"वाढ रं माझ्या राजा, सढळ हातानं,
तुझं झाकिलं ताट, केळीच्या पानानं."

म्हणजे ताट होतं. सारा वेळ, तिथंच, झाकलेलं.

दार उघडलं. नाकावर पांढरं बांधकाम घेऊन राजेश बाहेर आला. "सांगितलं का बे?"

"नाही."

"अबे, मग सांग ना! ती समोर बसलीये, शुक्रवारी चालली. कशाची वाट पाहून राहिला?"

राजेशनं आयुष्यात पहिल्यांदा, नकळत का होईना, कुणालातरी पास दिला होता, आणि तो बिनचूक होता. नीलांबरीनं तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

गिरीश उभा राहिला. सवयीनं डावीकडे बघणार होता, पण या वेळी सरळ तिच्याकडेच बघितलं.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "राजेशलाही आवडतेस, ते खरंय. पण हे मी त्याच्या वतीनं नाही सांगत. हे माझं आहे."